पाणी बांधावरून गेलं नाही, तरी नदीचा बांध फुटतो कसा?

बहुतेकदा पायथ्यातून. १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळात कुसहाजवळ कोसीचा पूर्व बांध फुटून बिहार बुडाला, तेव्हा नदीत जेमतेम दीड लाख क्युसेक पाणी होतं. बांध साडेनऊ लाखांसाठी बांधलेला! गाळाने पात्र उंचावलेलं, प्रवाह बांधाला घासत पायथा खात गेला.

दुसरी तऱ्हा झिरपण्याची. बांधापलीकडच्या शेतात पाणी उकळल्यासारखं वर येतं, भोवती वाळूचं छोटं वारूळ जमतं. पाणी गढूळ असेल तर समजा, आतली माती वाहून चाललीय. घुशींची जुनी बिळं असली की हे फार लवकर होतं. शेतात पाणी वर येतंय ते भोक बुजवू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. भोवती वाळूच्या पोत्यांचं कडं रचा. आत पाणी चढलं की जोर कमी होतो. आणि खालची वस्ती आधी हलवा.