वाचक विचारतात : हेस्टिंग्जची लढाई आणि इंग्लंडची गादी

प्रश्न : इ. स. १०६६ मध्ये हेस्टिंग्जच्या लढाईत राजा हॅरल्ड मारला गेला आणि नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम इंग्लंडच्या गादीवर बसला. विल्यमचा वारसाहक्क खरा होता, की ती निव्वळ परकी स्वारी होती? आणि हॅरल्ड हरला कशामुळे?

उत्तर : विल्यमचा हक्क अगदीच पोकळ नव्हता, पण थोरल्या मुलानेच गादीवर बसावे असा पक्का नियम त्या काळच्या इंग्लंडमध्ये रुजलेला नसल्यामुळे कोणाचाच हक्क निर्विवाद नव्हता. राजघराण्याचे रक्त, आधीच्या राजाचा शब्द आणि सरदार व बिशपांच्या ‘विटान’ या सभेची संमती यांवर राजा ठरत असे. एडवर्ड राजा ५ जानेवारीला निपुत्रिक वारला, तेव्हा हे तिन्ही आधार एकाच माणसापाशी नव्हते. रक्ताने सर्वांत जवळचा एडगर अजून कोवळा मुलगा होता. हॅरल्ड हा राणीचा भाऊ. त्याच्यामागे सभा होती आणि मृत्युशय्येवरील राजाने आपल्यालाच नेमले असे तो सांगत असे. दुसऱ्याच दिवशी त्याचा राज्याभिषेक झाला. एडवर्डची आई एमा ही विल्यमच्या आजोबांची बहीण होती. शिवाय एडवर्डने आपल्याला गादी कबूल केली होती आणि हॅरल्डने पवित्र अवशेषांवर हात ठेवून तशी शपथ वाहिली होती, असे विल्यमचे म्हणणे होते. ती शपथ झाली असली तरी हॅरल्ड तेव्हा नॉर्मंडीत विल्यमच्याच मुठीत होता, म्हणून तिला फार वजन द्यावे असे मला वाटत नाही.

पराभवाचे कारण म्हणून हॅरल्डच्या सैन्याचा थकवा नेहमी सांगितला जातो, परंतु माझ्या मते खरे मूळ ८ सप्टेंबरच्या दिवसात आहे. विल्यमची वाट पाहत दक्षिण किनाऱ्यावर उन्हाळाभर बसलेले सैन्य शिधा संपल्यामुळे त्या दिवशी घरोघरी परतले. विल्यमचे आरमार प्रतिकूल वाऱ्यामुळे पलीकडेच अडकून पडले होते. इतक्यात नॉर्वेचा राजा हॅरल्ड हार्ड्राडा हा इंग्लंडच्या हॅरल्डच्याच रुसलेल्या भावाला, टॉस्टिगला, बरोबर घेऊन उत्तरेत उतरला आणि २० सप्टेंबरला फुलफर्ड येथे त्याने उत्तरेकडील सरदारांची फौज मोडली. हॅरल्डने धावत जाऊन २५ सप्टेंबरला स्टॅमफर्ड ब्रिज येथे त्याला गाठले. सुमारे ३०० जहाजांतून आलेल्या नॉर्वेच्या सैन्यापैकी जे वाचले त्यांना परतायला २४ जहाजे पुरली, असे समकालीन बखर सांगते. एवढा मोठा विजय मिळूनही तीनच दिवसांत, २८ सप्टेंबरला, विल्यम पेव्हेन्सी येथे उतरला आणि त्याला अडवायला किनाऱ्यावर कोणी नव्हते. १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जजवळच्या टेकडीवर हॅरल्डची ढालींची भिंत जवळजवळ दिवसभर टिकली. इतकी चिवट झुंज निव्वळ थकलेल्या सैन्याकडून होत नाही. फुलफर्डला मोडलेली उत्तरेची फौज मात्र त्या टेकडीवर नव्हती.

हॅरल्ड पडल्यावर लंडनमध्ये एडगरला राजा म्हणून निवडण्यात आले, पण लवकरच त्याच्यासह सर्वांनी विल्यमपुढे मान तुकवली. २५ डिसेंबरला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये अभिषेकाच्या वेळी जमलेल्या लोकांना संमती विचारण्यात आली आणि त्यांनी मोठ्याने होकार दिला. तो गलबला ऐकून बाहेरच्या नॉर्मन पहारेकऱ्यांना आत बंड झाल्यासारखे वाटले आणि त्यांनी आसपासची घरे पेटवली. लोक बाहेर धावले आणि उरलेला विधी भेदरलेल्या मोजक्या धर्मगुरूंनी कसाबसा पुरा केला.