गोल बेलर: छोटा, मोठा आणि परत छोटा

प्रश्न (माढा): परदेशातले गोल गठ्ठे महिनोन्‌महिने रानात उघडे पडलेले दिसतात. आम्ही मार्चमध्ये बेलरने, म्हणजे रानातला माल उचलून गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राने, उसाच्या पाचटाचे गठ्ठे बांधून घेतले आणि बांधावर ठेवले. पावसाळ्यात निम्म्याहून जास्त सडले. दोष यंत्राचा का?

उत्तर: दोष गठ्ठ्याच्या मापाचा, आणि ते माप असं का आहे हे इतिहासातच सापडतं.

अमेरिकेत नेब्रास्कातल्या सटन इथल्या उमो ल्युबेन यांच्या डोक्यात ही कल्पना १९०३ मध्ये आली. पेटंट मिळालं १९१० मध्ये. गवत दाबून चौकोनी गठ्ठा करण्याऐवजी गुंडाळलं, तर पावसाचं पाणी थरांवरून ओघळून जातं, हा त्यामागचा विचार. अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीने १९४० मध्ये हक्क विकत घेतले आणि १९४७ मध्ये ‘रोटो-बेलर’ बाजारात आणला. त्याचा गठ्ठा साधारण १८ ते ४५ किलोचा, म्हणजे आपल्याकडच्या मिनी बेलरच्या जवळपासचाच. पण प्रत्येक गठ्ठ्याला सुतळी गुंडाळायची तर ट्रॅक्टर थांबवावा लागे. चौकोनी बेलर चालता चालता गाठ मारायचा, त्यामुळे गोल बेलर मागे पडला.

मग १९७१ मध्ये आयोवातल्या पेला इथल्या गॅरी व्हर्मीर यांनी टनाच्या आसपास वजनाचा गठ्ठा बांधणारा बेलर आणला. थांबावं लागणारच असेल तर तीस किलोला कशाला, टनाला एकदा थांबू! गठ्ठा हाताने उचलायचाच नाही, ट्रॅक्टरने हलवायचा, म्हणजे एका माणसात काम भागतं. जग या मोठ्या गठ्ठ्याकडे वळलं. जपानच्या लहान भातखाचरांत आणि आपल्या ३५-५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरांमागे मात्र पुन्हा छोटाच गठ्ठा आला, कारण आपल्याकडे तो माणूसच उचलतो.

आता हिशोब बघा. चहूबाजूंनी १० सेंटीमीटर थर सडला असं धरा. १५० सेंटीमीटर व्यासाच्या गठ्ठ्यातला सुमारे २५ टक्के माल गेला. ६० सेंटीमीटरच्या मिनी गठ्ठ्यातला तेवढ्याच थरात ५६ टक्के! तेव्हा मोठ्या गठ्ठ्याचा सल्ला छोट्याला लावू नका. खाली दगड किंवा लाकडं टाका, गठ्ठे आडवे रचा, वर ताडपत्री घाला. सपाट तोंड आभाळाकडे ठेवलं तर पाणी थरांमधून सरळ आत उतरतं.

प्रश्न (पंढरपूर): पाचटाचा गठ्ठा आतून भुसभुशीत, एका बाजूला निमुळता होतो. शिअर बोल्टही (जादा ताण आला की यंत्र वाचवायला आधी तुटणारा बोल्ट) सारखा तुटतो.

उत्तर: या तीन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. मिनी बेलर बहुतेक स्थिर कप्प्याचे असतात, म्हणजे गठ्ठा जिथे बनतो ती जागा कायम एकाच मापाची. रोलरांच्या मधल्या जागेत माल आधी सैल फिरतो, कप्पा भरल्यावरच बाहेरून दाब बसतो. त्यामुळे गाभा मऊ राहणारच. पट्ट्यांच्या बदलत्या कप्प्यात दाब पहिल्या थरापासून असतो, म्हणून त्याचा गाभा घट्ट येतो.

निमुळतेपणा मात्र चालवणाऱ्याच्या हातात आहे. पाचटाची ओळ पिकअपपेक्षा (माल उचलणाऱ्या तोंडापेक्षा) अरुंद असेल तर काही अंतर डावीकडून, काही अंतर उजवीकडून भरवा. सारखं नागमोडी चालवलं तर सगळा माल मधेच पडतो आणि गठ्ठा पिंपासारखा फुगतो.

बोल्ट तुटतो तो बहुधा ओल्या वाढ्यांचा (उसाच्या हिरव्या शेंड्यांचा) गोळा, खोडक्या किंवा माती आत गेल्याने. पिकअपच्या काट्या जमिनीपासून ३-५ सेंटीमीटर वर ठेवा, वाढे आधी वेचून घ्या, गिअर एक खाली घ्या. पीटीओ (ट्रॅक्टरमागचा, यंत्र फिरवणारा दांडा) मात्र मिनिटाला ५४० फेऱ्यांवरच हवा, तो कमी केला की माल तोंडाशीच तुंबतो. वैतागून कडक पोलादाचा बोल्ट घालणारे पुष्कळ आहेत. मग बोल्ट वाचतो आणि गिअरबॉक्स जातो. तुंबलेलं काढताना पीटीओ आणि इंजिन दोन्ही बंद करा. बेअरिंगभोवती गुंडाळलेलं पाचट रोज कापून काढा, तापलेलं बेअरिंग आणि कोरडं पाचट एकत्र आले तर यंत्रच पेटतं.

खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून येणारं पुढचं पीक) ठेवणार असाल तर सगळं पाचट विकू नका, एका सरीआड तरी राहू द्या.

प्रश्न (मंगळवेढा): मालदांडी ज्वारीचा कडबा बेलरने बांधावा का?

उत्तर: नको. सहा-सात फुटी ताट कप्प्यात आडवं मावत नाही, मोडतं, पाला झडतो आणि टोकं गठ्ठ्याभोवतीची जाळी, म्हणजे नेट, फाडतात. शिवाय बाजारात कडबा शेकडा पेंढ्यांवर विकला जातो. तिथे गठ्ठ्याला गिऱ्हाईक कोण?

प्रश्न (बार्शी): सोयाबीनच्या भुसकटाला सुतळी की नेट?

उत्तर: नेट. भुसकट आखूड असतं, सुतळीच्या फेऱ्यांमधून गळून जातं. नेटचे दोन-तीन वेढे पुरतात आणि थांबण्याचा वेळही वाचतो. नेट १९८० च्या दशकात पसरलं ते त्यासाठीच. नेट कापलं गेलं नाही तर आधी पात्याची धार बघा. ओलावा १५ टक्क्यांच्या आत असावा. २० च्या वर गेला तर गठ्ठा आतून तापतो, म्हणून बांधल्यावर आठवडाभर मधे सळई खुपसून बघत राहा. सळई हाताला चटका देत असेल तर गठ्ठे गंजीतून बाहेर काढून सुटे ठेवा. चारा टाकताना नेट पूर्ण काढा, ते जनावराच्या पोटात पचत नाही.