प्राइड मोर्चातल्या भडक वेशामुळे समलिंगी लोकांचं नुकसान होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमचा समलिंगी लोकांच्या हक्कांना पाठिंबा आहे, पण प्राइडमध्ये, म्हणजे समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांच्या हक्कांच्या मोर्चात, पिसं लावून, साड्या नेसून, उघड्या अंगानं नाचणारे लोक दिसले की घरच्यांना समजावणं अवघड होतं. हेच लोक साध्या कपड्यांत, शिस्तीत चालले असते तर समानता लवकर मिळाली नसती का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी स्वतः समलिंगी आहे. ठाण्यात राहतो, हिशेबाचं काम करतो, रोज इस्त्रीचा शर्ट घालून आठ-बाराची लोकल पकडतो. चालण्या-बोलण्यावरून मला कुणी ओळखत नाही. म्हणजे मोर्चात तुम्हाला जशी माणसं हवी आहेत, नेमका तसा मी आहे. एकेकाळी माझंही मत तुमच्यासारखंच होतं. ते बदललं, आणि का बदललं ते सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही.

मुंबईतला पहिला मोठा मोर्चा २००८ च्या ऑगस्टमध्ये निघाला. तेव्हा मला धीर झाला नाही. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले आणि त्या वर्षीच्या मोर्चाला मी गेलो. ऑगस्ट क्रांती मैदानातून गिरगाव चौपाटीकडे जायचं होतं. त्या काळात बरेच जण चेहऱ्यावर मुखवटा लावून चालायचे, कारण कॅमेरे भरपूर असायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आपला फोटो आला तर नोकरी, घर, भाड्याची खोली सगळंच जाण्याची भीती असे. मीही मुखवटा लावला होता. पुठ्ठ्याचा, रबरबँडवाला.

माझ्या शेजारी एक जण चालत होती. नऊवारी, कासोटा, नथ, अंबाड्यावर गजरा, आणि अंगावर इतकी चमकी की ऊन लागलं की डोळे दिपायचे. चेहरा पूर्ण उघडा. मला मनातून लाज वाटत होती. हिच्यामुळे आपलं सगळ्यांचं नाव खराब होणार, असं वाटत होतं. तिनं मला विचारलं, मुखवट्यात घाम नाही येत का? मी म्हणालो, घरी माहीत नाही, कळलं तर अवघड होईल. ती म्हणाली, "माझ्या घरी कळायला फोटो लागला नाही रे. मी चालायला लागल्यापासून कळलंय."

हे वाक्य माझ्या मनातून कधीच गेलं नाही. नंतर तिची ओळख झाली. ती एका केटररकडे लग्नाच्या सीझनला पोळ्या लाटायची. एरवी शर्ट-पँट घालायची. नऊवारी वर्षातून एकदा, मोर्चाला. पण शर्ट-पँटमध्येही तिला रोज 'बायल्या' ऐकावं लागायचं. रेल्वेच्या पुलावर टवाळ पोरं हाताला हिसके द्यायची. म्हणजे तिला जो त्रास होत होता त्याचा नऊवारीशी संबंधच नव्हता. तो तिच्या हातांच्या हालचालींमुळे, आवाजामुळे, चालीमुळे होत होता, आणि त्या गोष्टी ती घरी ठेवून येऊ शकत नव्हती.

मला शाळेतला एक मुलगा आठवला. सातवीत होतो. तो असाच होता, हात हलवत बोलणारा. वर्ग त्याला त्याच शब्दानं हाक मारायचा. मी सगळ्यांत मोठ्यानं हसायचो, कारण मी हसलो नाही तर माझ्याकडे कुणी बघेल अशी भीती होती. नववीत त्यानं शाळा सोडली. मी साधा आहे म्हणून मी वाचलो, आणि वाचलो तो त्याच्या आडोशाला उभा राहून. त्यामुळे 'भडक लोकांमुळे साध्यांचं नुकसान होतं' हे वाक्य आता ऐकलं की मला ते उलटं दिसतं. दगड आधी त्यांना लागतात. आमच्यापर्यंत येतात ते उरलेले.

आता कपड्यांबद्दल. आपल्याला वाटतं की हक्क हा गंभीर मुद्दा आणि कपडे हा वरचा दिखावा. पण जुना कायदा उघडून बघा. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. महाराष्ट्रात तो भटक्या-विमुक्तांमुळे ठाऊक आहे, पण त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांबद्दल होता. त्यांची नावं नोंदवून घ्यायची, आणि नोंदलेल्या माणसानं बाईसारखे कपडे किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसणं, रस्त्यावर नाचणं, वाजवणं हा गुन्हा. वॉरंटशिवाय अटक, दोन वर्षांपर्यंत कैद. दिसेल अशा ठिकाणी उभं राहणंसुद्धा त्यात येत होतं. म्हणजे भर रस्त्यात साडी नेसून नाचणं हीच गोष्ट सरकारनं कायद्यात लिहून बंद केली होती. ज्यांच्या मागच्या पिढ्यांना यासाठी पकडून नेलं, त्यांनी पोलीस बंदोबस्तात, परवानगी काढून, त्याच रस्त्यावर नाचायचं, यात मला आता थिल्लरपणा दिसत नाही.

आणि आपल्या लोकांना पुरुषानं शालू नेसणं मुळात खटकतं, हेही खरं नाही. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर महाराष्ट्र जीव ओवाळून टाकत होता, घरंदाज बायका त्यांची नेसण आणि केशरचना उचलत होत्या. तमाशात नाच्या हवाच असतो. रंगमंचावर चालतं. तोच माणूस तिकिटाच्या रांगेत आपल्या पुढे उभा राहिला की चालत नाही. मोर्चा त्याला नेमकं रांगेत आणून उभं करतो.

'साध्या कपड्यांत, शिस्तीत' हा प्रयोग कुणी केलाच नाही असंही समजू नका. अमेरिकेत केला, आणि मनापासून केला. फ्रँक कॅमेनी नावाचे खगोलशास्त्रज्ञ होते. समलिंगी असल्यामुळे १९५७ साली त्यांना सरकारी नोकरीतून काढलं. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९६५ पासून दर वर्षी ४ जुलैला फिलाडेल्फियात, जिथं अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा झाला त्या इमारतीसमोर, फलक धरून निदर्शनं सुरू केली. नियम कडक: पुरुषांनी कोट-टाय, बायकांनी स्कर्ट, एका रांगेत चालायचं, एकमेकांचा हात धरायचा नाही. नोकरीला ठेवण्यासारखी माणसं दिसलो तरच नोकरी मागता येईल, असा कॅमेनींचा विचार होता. त्यांना मी नावं ठेवणार नाही. ज्या काळात डॉक्टर आम्हाला आजारी म्हणत आणि पोलीस गुन्हेगार, त्या काळात उघड्या चेहऱ्यानं रस्त्यावर उभं राहणं हे प्रचंड धाडस होतं.

पण पाच वर्षं हे चाललं आणि पहिल्या वर्षी चाळीसेक असलेली माणसं पाचव्या वर्षी शे-दीडशेच्या पुढे गेली नाहीत. मग २८ जून १९६९ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल या समलिंगी लोकांच्या बारवर पोलिसांची धाड पडली. अशा धाडींत कपडे तपासले जात. बायकी वेशातल्या पुरुषांना बाजूला काढून अटक होई. त्या रात्री लोकांनी गाडीत बसायला नकार दिला आणि कित्येक रात्री रस्ता पेटला. पुढे असणाऱ्यांत बेघर पोरं होती, ड्रॅग करणारे (बायकी वेशात मिरवणारे पुरुष) होते, म्हणजे लपण्याची सोय नसलेलेच लोक. त्यानंतर आठवड्याभरात फिलाडेल्फियातलं ठरलेलं निदर्शन झालं. तिथं दोन बायकांनी एकमेकींचा हात धरला तर कॅमेनींनी स्वतः जाऊन तो सोडवला. क्रेग रॉडवेल हा न्यूयॉर्कचा तरुण कार्यकर्ता त्यामुळे चिडला. त्या वर्षअखेरीस त्यानं आणि त्याच्या मित्रमैत्रिणींनी ठराव मांडला: पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाऐवजी जूनअखेरीला न्यूयॉर्कमध्ये मोर्चा काढायचा, आणि त्याला कपड्यांचा किंवा वयाचा कसलाही नियम नसेल. २८ जून १९७० ला तो निघाला आणि हजारो लोक आले. आज जगभर ज्याला प्राइड म्हणतात तो या मोर्चातून आला. 'कपड्यांचा नियम नाही' ही त्याची जन्मअटच आहे, ती नंतर शिरलेली विकृती नाही.

आपल्याकडेही हा वाद झाला आहे. पुण्याच्या मोर्चाला साधे कपडे घालून या असं आयोजकांनी सांगितलं तेव्हा समाजातल्याच लोकांत कडाक्याची भांडणं झाली. आयोजकांचं म्हणणं होतं की पेठांतल्या लोकांना एकदम धक्का देऊन उपयोग नाही. मला ते समजतं. पटत मात्र नाही.

न्यायालयांतला अनुभव बघा. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ पुन्हा पूर्ण लागू केलं, तेव्हा निकालात एक मुद्दा असा होता की हे लोक देशाच्या लोकसंख्येत अगदी नगण्य आहेत आणि दीडशे वर्षांत दोनशे जणांवरही खटले झालेले नाहीत. तो निकाल मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून फोनवर वाचला. नगण्य. माझ्यासारखे लाखो लोक इस्त्रीचे शर्ट घालून दिसेनासे झाले होते, आणि आमचं न दिसणंच आमच्या विरोधात वापरलं गेलं. त्यानंतर चारच महिन्यांनी, १५ एप्रिल २०१४ ला, त्याच न्यायालयानं नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क दिला. त्या निकालपत्रात १८७१ च्या कायद्याचा उल्लेख आहे, आणि ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठींनी सांगितलेली स्वतःची कहाणीही आहे. एक निकाल दुसऱ्यामुळे आला असं मी म्हणत नाही, दोन्ही खटले वेगळे होते. पण जे कायम सर्वांत जास्त दिसत होते, त्यांना नगण्य म्हणणं न्यायालयाला जमलं नाही, हे मला दिसतं.

उलट सर्वोच्च न्यायालयातला २०२३ चा समलिंगी विवाहाचा खटला घ्या. याचिकाकर्ते किती सभ्य होते! वर्षानुवर्षं एकत्र राहणारी, शिकलेली, स्थिर नोकऱ्यांची जोडपी. १७ ऑक्टोबरला पाचही न्यायमूर्तींनी सांगितलं की विवाहाचा मूलभूत हक्क नाही. त्या रात्री मी आणि माझा जोडीदार जेवलो नाही. आमच्या घरात एकही पीस नाही, चमकी नाही. बारा वर्षांचा संसार आहे आणि कायद्याच्या लेखी आम्ही एका पत्त्यावर राहणारी दोन परकी माणसं आहोत. सभ्यपणाची अट आम्ही कधीच पुरी केली आहे. समोरून काही आलेलं नाही.

आता तोटा कुठे होतो ते. माझ्या आईनं मोर्चाचा फोटो पेपरात पाहिला होता, ड्रॅग केलेल्या एकाचा. मी घरी सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "तू पण असं नेसतोस का?" आठवडाभर ती माझ्याशी नीट बोलली नाही, कारण तिच्या डोळ्यांसमोर तो फोटो होता. तुमच्या घरच्यांचंही तेच होत असणार आणि ते खोटं नाही. पण तो फोटो काढणारानं काय केलं तेही बघा. मोर्चात बहुतेक लोक जीन्स-कुर्त्यात असतात. आपल्या मुलांसाठी चालणारे आईबाप असतात, 'स्वीकार' या पालकांच्या गटाचे फलक असतात. छापून येतो तो एकच चेहरा. व्हॉट्सअॅपवर तर परदेशातल्या मोर्चांचे अर्धनग्न फोटो मुंबईचे म्हणून फिरतात. आणि एक गोष्ट मला मान्य करावीच लागते: तो फोटो नसता तर आईला बोलण्यासाठी शब्दच नव्हते. आमच्या घरात या विषयाला नाव नव्हतं. ती तिथून सुरुवात करू शकली.

मलाही मोर्चातल्या काही गोष्टी आवडत नाहीत. एकदा एक मुलगा फुटपाथवर उभ्या असलेल्या एका आजोबांच्या अंगचटीला गेला, ते संकोचले तरी थांबला नाही. मी त्याला तिथंच हटकलं. समोरच्याची इच्छा नसताना अंगाला हात लावणं चूकच, मग तो मोर्चा असो की विसर्जनाची मिरवणूक. पण विसर्जनात कुणी दारू पिऊन धिंगाणा घातला तर आपण त्या माणसाला बोल लावतो. हिंदूंना नागरिक म्हणून हक्क द्यावेत का, असा प्रश्न त्यावरून कुणी विचारत नाही. आम्हालाही तेवढंच हवं आहे.

घरच्यांना समजावताना तुम्ही मला पुढे करता, 'सगळे तसे नसतात, काही साधेही असतात' असं म्हणता, तेव्हा तुमचा हेतू चांगला असतो हे मला कळतं. पण त्या वाक्यात पोळ्या लाटणारी ती मैत्रीण बाहेर राहते. तिला बाहेर ठेवून मला आत घेणार असाल तर मला यायचं नाही. घरच्यांना तिच्याबद्दल सांगा. ती काय काम करते, पुलावर तिच्याशी लोक कसे वागतात, ते सांगा. माझ्या आईला मी तेच सांगितलं. तिनं बराच वेळ काही विचारलं नाही, मग विचारलं, "तिच्या पोळ्या मऊ होतात का?"

मुंबईचा मोर्चा आता बहुधा जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, शनिवारी असतो. तुम्ही या, आहे त्या कपड्यांत या. दुपारी ऊन असतं, पाण्याची बाटली आणा.