‘खुत्स्पा’ आणि आपलं ‘वरून’

प्रश्न : बाई, मी बँकेच्या परीक्षेची तयारी करतो आणि उरलेल्या वेळात बाबांसोबत वावरात असतो. आमच्या क्लासच्या सरांनी सांगितलं की मुलाखतीत ‘माझ्यात चुट्झ्पा आहे’ म्हणा, छाप पडते. एका हिंदी सिनेमातही हा शब्द असाच ‘च’नं ऐकला होता. घरी डिक्शनरी उघडली तर अर्थ निघाला ‘निर्लज्जपणा, उद्धटपणा’. दोनच दिवसांनी इंग्रजी पेपरात एका नव्या कंपनीच्या मालकाचं कौतुक वाचलं, त्यातही हाच शब्द! मग ही शिवी आहे की शाबासकी? शब्द कुठला? आणि खरा उच्चार काय?
– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आधी उच्चाराचं पाहू, कारण तिथं तुम्ही इंग्रजांपेक्षा पुढे आहात. स्पेलिंग ‘सी-एच’नं सुरू होतं म्हणून आपण ‘च’ म्हणतो आणि फसतो. पहिला आवाज घशातला आहे. उर्दू येणारा माणूस ‘ख़बर’ म्हणतो, तेव्हाचा ख़. आणि मधला ‘त्स’? तो आपल्या तोंडात जन्मापासून आहे. ‘चहा’ म्हणा आणि मग ‘चोर’ म्हणा. दोन्ही ‘च’ वेगळे लागतात ना? हा चोरातला च. म्हणजे ‘ख़ु’, मग चोराचा ‘च’, मग ‘पा’. लिहिताना मी ‘खुत्स्पा’ लिहीन. यिडिश बोलणारे शेवटी ‘पे’कडे झुकतात, आणि ज्यांना घशातला ख़ जमत नाही ते ‘हुत्स्पा’ म्हणतात. तेही चालतं.

हा शब्द इंग्रजीत आला तो यिडिशमधून. यिडिश म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांची घरची भाषा. सुमारे हजार वर्षांपूर्वी ऱ्हाईन नदीच्या परिसरात ती आकाराला आली. घराणं जर्मन, पण लिपी हिब्रू, त्यामुळे उजवीकडून डावीकडे लिहितात. (आपले कोकणातले बेने इस्राएल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’, हेही ज्यूच. पण त्यांची घरची भाषा मराठी, यिडिशशी त्यांचा संबंध नाही.) १८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून वीस लाखांहून जास्त ज्यू अमेरिकेत गेले. न्यूयॉर्कच्या दाटीवाटीच्या वस्त्यांत, शिवणकामाच्या कारखान्यांत, फेरीवाल्यांच्या गाड्यांवर त्यांचे शब्द इंग्रजीत मिसळले. ‘बेगल’ हा पाव तिथूनच आला. धांदरट माणसाला इंग्रजीत ‘क्लट्झ’ म्हणतात, त्याचा यिडिशमधला मूळ अर्थ लाकडाचा ओंडका. आपण ‘ठोकळा’ म्हणतो तसंच. लंडनमध्येही हे चालू होतं. इस्राएल झँगविल यांच्या १८९२ सालच्या ‘चिल्ड्रेन ऑफ द घेटो’ या कादंबरीत खुत्स्पा सापडतो. दुसऱ्या महायुद्धाआधी जगात एक कोटीहून जास्त लोक यिडिश बोलत. हिटलरच्या राज्यात साठ लाख ज्यू मारले गेले, त्यांतले बहुतेक याच भाषेचे. म्हणून हे शब्द वापरताना मला जरा जपून वापरावेसे वाटतात. ज्या घरांत ते रोज बोलले जात, त्यांतली कितीतरी घरं आता उरलेली नाहीत.

आता अर्थ. खुत्स्पा यिडिशमध्ये आला तो हिब्रू-अरमाईक या ज्यूंच्या जुन्या भाषांमधून, आणि तिथं त्याचा अर्थ सरळ आहे : उद्धटपणा, बेमुर्वतपणा. पण एवढ्यानं तो हाती लागत नाही. त्याची चव सांगणारा एक जुना किस्सा आहे, तो लिओ रोस्टेन यांच्या १९६८ सालच्या ‘द जॉइज ऑफ यिडिश’ या पुस्तकामुळे सगळीकडे पोचला. एक माणूस आईबापाचा खून करतो आणि न्यायाधीशापुढे हात जोडून म्हणतो, ‘साहेब, दया करा, मी अनाथ आहे.’

मला हा शब्द कळला तो मात्र आमच्याच अंगणात. बारा-तेरा वर्षं झाली. दिवाळी तोंडावर होती आणि पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरला होता. वेचणाऱ्या बायांचे पैसे द्यायचे होते, म्हणून गावात गाडी घेऊन आलेल्या एका व्यापाऱ्याला कापूस दाखवला. काट्यावर पहिली गठडी चढली तशी माझ्या सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांचा अंदाज ४० किलोचा, काटा दाखवत होता ३६. त्या काही बोलल्या नाहीत. गड्याला आत पाठवून शिलाई न उसवलेली ५० किलोची खताची गोणी आणवली आणि म्हणाल्या, “हे मोज बरं बापू.”

काट्यावर आकडा आला ४५.

अंगणात कोणी हूं की चूं केलं नाही. व्यापाऱ्यानं काट्याकडे पाहिलं, गोणीकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि म्हणाला, “आजी, फसवलं ना तुमाले खतवाल्यानं! पाच किलो कमी! तक्रार द्या तुमी, मी येतो साक्षीले.”

सासूबाई कडाडल्या, “चोट्टा तं चोट्टा, अन् वरून साक्षीले येतो म्हनते!” कापूस परत खोलीत गेला. आठ दिवसांनी बाजार समितीत विकला. तोवर बायांना थांबा म्हणावं लागलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं, सणाचे दिवस होते. पण त्याच रात्री शेजारणीला ही हकिकत सांगताना सासूबाई हसत होत्या. म्हणाल्या, “पन हिंमत पाय बाई त्याची!”

हे दोन उद्गार तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहेत, म्हणून ते शेजारी शेजारी ठेवा. पहिल्यातला ‘वरून’ बघा. चोरी केली, हा झाला गुन्हा. चोरी केली अन् वरून साक्षीला येतो म्हणाला, हा झाला खुत्स्पा. आपण रोज म्हणतो, “उधार नेलं, अन् वरून आपल्यालेच डोळे दाखवते.” जिथं ‘वरून’ म्हणावंसं वाटतं तिथं खुत्स्पा आहे, असं समजा. ‘चोर तो चोर वर शिरजोर’ ही म्हण डिक्शनरीतल्या ‘निर्लज्जपणा’पेक्षा कितीतरी जवळची आहे. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या अपील न्यायालयानं एका निकालात हा शब्द वापरला. तिथं आरोपीनं बंदुका चोरल्या होत्या, आणि त्यासाठी फोडलं होतं चक्क शेरीफचं, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचं ऑफिस! पुढे १९९८ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनीही निकालपत्रात तो लिहिला. ते कॅथलिक आणि इटालियन वंशाचे. म्हणजे तोवर हा शब्द सगळ्यांचा झाला होता.

पण शिरजोरपणात कौतुक नसतं. ते दुसऱ्या उद्गारात आहे : ‘हिंमत पाय त्याची!’ हे आपण संतापानंही म्हणतो आणि शाबासकी देतानाही म्हणतो, फरक फक्त सुराचा. खुत्स्पाला तशीच दोन तोंडं आहेत, आणि ती अमेरिकेत गेल्यावर फुटली असं समजू नका. ज्यूंच्या तालमूद या धर्मग्रंथात एके ठिकाणी मसीहा, म्हणजे तारणहार, येण्याआधीच्या वाईट काळाचं वर्णन आहे, त्यात खुत्स्पा वाढेल असं म्हटलंय. दुसऱ्या ठिकाणी मात्र एक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, म्हणतो की खुत्स्पा देवापुढेही कामी येतो. अठराव्या शतकात बर्डिचेव्ह गावचे रब्बी लेव्ही यित्झाक होऊन गेले. आपल्या लोकांच्या हालांबद्दल ते देवालाच जाब विचारत, म्हणून त्यांचं नाव आजही प्रेमानं घेतात. ही गोष्ट मराठी माणसाला वेगळी समजवायला नको. आपली जनाबाई विठ्ठलाला ‘विठ्या’ म्हणून खडसावते आणि तिचे अभंग आपण हात जोडून म्हणतो.

माणसांतलं उदाहरण हवं तर हे घ्या. मी शिकवत होते त्या शाळेत एकदा तपासणीला साहेब आले. आठवीच्या एका मुलीला उभं करून त्यांनी विचारलं, “बायसिकलचं स्पेलिंग सांग.” ही पोरगी रोज चार किलोमीटर पायी यायची. मानव विकास कार्यक्रमात आठवीपासून मुलींना सायकली मिळतात, तिचं नाव यादीत होतं, सायकल आली नव्हती. ती म्हणाली, “सर, सायकल आली का लगेच सांगतो.” माझ्या पोटात गोळा आला. साहेबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग खिशातली डायरी काढली आणि तिचं नाव लिहून घेतलं. नियमानं पाहिलं तर तो उद्धटपणा होता. पण मागणी खरी होती, तिच्या हक्काची होती, आणि वर्गात ती बोलून दाखवायची छाती एकटीचीच झाली. इंग्रजी पेपरात कंपनीच्या मालकाचं कौतुक होतं ते याच अंगानं : हाती काही नसताना मोठ्याच्या दारात जाऊन बरोबरीनं बोलणारा. आमचा काटेवाला आणि ही पोरगी दोघांनाही हा एकच शब्द लागतो. तुम्ही गोंधळलात त्यात तुमची चूक नाही. शब्दच तसा आहे, आणि मला तो त्याचसाठी फार आवडतो.

राहिली मुलाखत. तिथं हा शब्द स्वतःबद्दल वापरू नका. ‘हिंमत पाय माही’ असं आपण कधी म्हणतो का? ते दुसऱ्यानं म्हणायचं असतं. शिवाय समोरच्या तिघांपैकी एकानं त्याचा जुना अर्थ धरला, तर ‘मी निगरगट्ट आहे’ असं सांगितल्यासारखं होईल, आणि बँकेत पैशाचा व्यवहार आहे. तुमच्या पत्रात खाली एक ओळ होती : पीकविम्याच्या अर्जात झालेली चूक दुरुस्त करून घ्यायला तुम्ही तालुक्याला सहा चकरा मारल्या आणि शेवटी साहेबांच्या टेबलापुढे बसूनच राहिलात. तेवढं साध्या इंग्रजीत, तारखांसकट सांगा. वाक्यं लिहून पाठवा, मी तपासून देते.