शब्दकोड्यात घोड्याची वेगवान धाव, ३ अक्षरी, शेवटी 'र'? आणि जहाजाच्या वेगाचं एकक?

पहिलं चौखूर. दौड बसत नाही कारण ती दोनच अक्षरं, आणि दुडकी म्हणजे मधली चाल, ती भरधाव नाही. दुसरं उत्तर नॉट, २ चौकोन. आम्ही वास्कोवाले, मुरगाव बंदराजवळचे, हे रोज कानावर पडतं. १ नॉट म्हणजे ताशी १ सागरी मैल, १.८५२ किमी. पूर्वी गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडायचे आणि वाळूचं घड्याळ रिकामं होईस्तोवर हातातून किती गाठी सरकल्या ते मोजायचे, काय सुंदर युक्ती आहे बघा! पुढे 'गोव्यातली दुचाकी टॅक्सी, ४ अक्षरी' आलंच तर बिनधास्त पायलट लिहा.