भंडारा उचलून दारू सुटते का?

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला: नवरा रोज पितो, सकाळी उठला की हात थरथरतात आणि एक घोट पोटात गेल्याशिवाय थांबत नाहीत. सासूबाईंचं म्हणणं, येत्या अमावस्येला आदमापूरला नेऊ, तिथल्या संत बाळूमामांसमोर भंडारा उचलायला लावू, म्हणजे देवाची हळद हातात घेऊन शपथ घालू, म्हणजे सुटेल. तुमचा स्वतःचा देवावर फारसा विश्वास नाही. मग श्रद्धेनं खरंच दारू सुटते, की ही नुसती समजूत?

श्रद्धेची मदत होते, हे माझं प्रामाणिक मत. पण शपथ घालून होते असं मात्र मला दिसलेलं नाही.

मी कोल्हापूरचाच. उद्यमनगरात लेथवर उभं राहून निम्मं आयुष्य गेलं, त्यातलं बरंचसं दारूत. आता पीत नाही. ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगला जातो. तिथं नवस, अंगारे, गोळ्या, दवाखाने, सगळं करून आलेली माणसं भेटतात. मी डॉक्टर नाही, हे धरूनच पुढचं वाचा.

तुम्ही हात थरथरण्याचं जाता जाता लिहिलंय, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. याचा अर्थ शरीराला दारूची गरज लागलीय. असा माणूस एकदम थांबला तर सहा ते चोवीस तासांत घाम, थरथर, उलट्या, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होतो: ताप, छातीत धडधड, भिंतीवर किडे, नसलेली माणसं. याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाला नाही तर यात माणूस जातो. आता बघा, अमावस्येला भंडारा उचलला, त्या क्षणापासून कडकडीत बंद, की तिसरा दिवस नेमका हाच.

आमच्या मीटिंगला येणाऱ्या एकाचं (नावगाव सांगत नाही, तो आमचा नियमच आहे) असंच झालं. रविवारी ग्रामदैवतापुढं शपथ घेतली. मंगळवारी रात्री मेलेल्या वडिलांशी बोलायला लागला, अंगावरच्या मुंग्या झटकायला लागला. घरच्यांना वाटलं, बाहेरचं काहीतरी आहे, शपथ देवाला पटली नाही. देवऋषी आला, लिंबू उतरलं, नारळ फुटला. पुतण्या शिकलेला होता, त्यानं भांडून गाडीत घातला म्हणून वाचला. दवाखान्यात असल्या वेळी शांत करणारी औषधं मोजून देतात आणि रोज कमी करत आणतात, साधारण आठवड्याभराचं काम. बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनंही देतात. आपल्याकडं अशक्तपणा आला की गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावून घ्यायची सवय आहे. रोजच्या पिणाऱ्याला बी-१ न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. तेव्हा पहिला आठवडा डॉक्टरचा. यात देवाला मध्ये आणू नका.

आता शपथेचं. शपथेनं दारू काही दिवस थांबते, हे मी नाकारत नाही. भीती मोठी असते. बेलभंडारा उचलून खोटं बोलणारा माणूस आपल्याकडं माणसांत मोजत नाहीत. पण कोल्हापूरच्या पिणाऱ्याला शपथेची एवढी सवय आहे की त्यानं तिच्यातच पळवाटा काढून ठेवल्यात. देशीची शपथ घेतली, बिअरची कुठं घेतली? गावात पिणार नाही म्हटलं होतं, हे तर सांगली. श्रावण पाळणं हा त्यातला सगळ्यात मोठा प्रकार. गटारीला पोटभर प्यायची, महिनाभर तोंडाला लावायची नाही, आणि मग वर्षभर बायकोला ऐकवायचं, "मी काय दारूडा हाय व्हय? सगळा श्रावण पाळला की!" घरचेही गप्प बसतात. देवाच्या नावावर पाळलेल्या त्या एका महिन्यात दारू उरलेल्या अकरा महिन्यांचा परवाना मिळवते.

आणि शपथ मोडली, की पुढचं वाईट असतं. आधी फक्त दारू होती, आता पापही झालं. असा माणूस देवळाकडं तोंड करत नाही, घरात नजर वर करत नाही, आणि ही लाज विसरायला त्याच्याकडं एकच औषध असतं, ते क्वार्टरमध्ये मिळतं. पुन्हा प्यायला लागणं हे या आजारात सर्रास घडतं. ज्याला ते डॉक्टरला किंवा मित्राला सांगता येतं तो लवकर सावरतो. ज्यानं देवाला फसवलंय असं त्याला स्वतःला वाटतं, तो लपवतो.

मग श्रद्धेची मदत होते कुठं? मला वाटतं, आपण ती चुकीच्या कामाला लावतो. "आजपासून सोडली" हे वाक्य ताकदीचं आहे. आपल्याकडचा गडी असली वाक्यं रोज बोलतो. तालमीत वाढलेला, तांबड्या रश्श्याच्या पैजा जिंकलेला, "मनावर घेतलं तर काय बी करीन" म्हणणारा. त्याला जन्मात बोलता येत नाही ते वाक्य वेगळंच आहे: "मला सुटत नाही." बायकोपुढं नाही, भावापुढं नाही, डॉक्टरपुढं तर अजिबात नाही, तिथं तो "अधूनमधून घेतो" असंच सांगतो. पण हाच गडी अंबाबाईच्या उंबऱ्यावर डोकं टेकतो, जोतिबाच्या डोंगरावर माघातल्या खेट्यांना अनवाणी चढतो, गुलालात लोळतो. वाकायची त्याला एवढी एकच जागा माहीत आहे. तिथं जर तो म्हणाला, की मला सुटत नाही, मला मदत पाहिजे, तर ते काम मोठं झालं. आणि तिथंच आपण त्याच्या हातात भंडारा देऊन पुन्हा ताकदीचं वाक्य बोलायला लावतो!

ए.ए.ची सुरुवातसुद्धा याच गोष्टीपाशी झाली. बिल विल्सन नावाचा अमेरिकेतला शेअर दलाल, १९३४ च्या डिसेंबरात दारूपायी दवाखान्यात पडला होता. तिथं त्याला लख्ख उजेड दिसला, देव भेटल्यासारखं वाटलं, आणि त्यानंतर तो प्यायला नाही. इथं गोष्ट संपली असती तर सासूबाईंचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. पण १९३५ च्या मे महिन्यात धंद्याच्या कामाला तो अ‍ॅक्रन गावात गेला, काम फिसकटलं, आणि हॉटेलातल्या बारचा आवाज कानात यायला लागला. देवदर्शन होऊन सहा महिनेसुद्धा झाले नव्हते. तेव्हा त्यानं फोन फिरवले ते दुसरा एखादा दारूडा शोधायला, कारण आपलं बोलणं त्यालाच कळेल. फोन लावले चर्चच्या लोकांना, हे खरं, पण मागितला माणूस. भेटला डॉक्टर बॉब स्मिथ, तिथला सर्जन. ते एकमेकांशी बोलत राहिले. बॉबनं शेवटचा प्याला घेतला त्या दिवसापासून, १० जून १९३५ पासून, ए.ए. सुरू झाली असं मानतात.

तुमच्यासारख्या न मानणाऱ्यांचाही यात वाटा आहे. १९३९ मध्ये ए.ए.च्या बारा पायऱ्या, म्हणजे दारू सोडायच्या वाटेवरचे बारा टप्पे, छापल्या गेल्या, त्यात देवाचं नाव येतं. पण सुरुवातीच्या मंडळींत नास्तिकही होते. त्यांनी हट्ट धरला, म्हणून देवाच्या नावाला "आम्हाला जसा समजला तसा" ही भर पडली. आमच्या मीटिंगमध्ये कुणाची उच्च शक्ती, म्हणजे ज्याचा आधार घ्यायचा ते आपल्याहून मोठं काहीतरी, अंबाबाई आहे, कुणाचा दर्ग्यातला पीर, एकजण आपल्या पोरीचं नाव घेतो. माझ्यापुरतं म्हणाल तर समोर खुर्च्यांवर बसलेली माणसं. देव आहे का, यावर आमच्यात कधी वाद होत नाही. आम्ही एकटे पुरे पडत नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

माळकऱ्यांचंही मला तसंच दिसतं. तुळशीची माळ घातली की मांस-दारू बंद, आणि माळ गळ्यात सगळ्यांना दिसते, त्यामुळे बारच्या दारात जुना दोस्त हाक मारायच्या आधी दोनदा विचार करतो. पण माझ्या मते खरं काम करते ती संध्याकाळ. दारूड्याला संध्याकाळी सात ते नऊ हे दोन तास खायला उठतात. माळकऱ्याला त्या वेळी हरिपाठाला जायचं असतं, कुणीतरी वाट बघत असतं, एकादशी असते, आषाढीला नंदवाळची दिंडी असते. गेला नाही तर दुसऱ्या दिवशी घरी विचारायला माणूस येतो. आदमापूरचंच उदाहरण देतो: बाळूमामांच्या मेंढ्यांचे कळप गावोगाव फिरतात आणि भक्त तिथं राहून सेवा करतात. ओळखीतला एकजण आधी दवाखान्यात आठवडा काढून मग त्या तळावर सेवेला राहिला. पहाटे उठणं, बकरी राखणं, चार माणसांत जेवणं. भंडारा त्यानंही कपाळाला लावला, पण शपथ कुणी घालायला गेलं नाही.

अभ्यासही साधारण हेच सांगतात. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेनं २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं, एकत्र तपासली. ए.ए.शी जोडून देणारे पद्धतशीर उपचार पूर्ण दारूबंद राहण्याच्या बाबतीत इतर मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. हे कशामुळे होतं याचाही शोध घेतला गेलाय. सगळ्यात मोठा वाटा निघतो तो संगत बदलण्याचा आणि "मी न पिता हा प्रसंग काढू शकतो" या विश्वासाचा. श्रद्धेचाही वाटा दिसतो, तो जास्त करून ज्यांची दारू फार पुढं गेलेली त्यांच्यात.

देव न मानणाऱ्यांनी या कामात काय करावं हे महाराष्ट्राला नवीन नाही. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य घालवलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनीच साताऱ्यात 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. पुण्याचं 'मुक्तांगण' १९८६ पासून आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं. दोन्ही कोल्हापूरहून एका दिवसात जाऊन बघून येता येतील अशी.

एक गोष्ट अजिबात करू नका. "न सांगता जेवणात कालवा, दारू सुटेल" म्हणून पुड्या विकतात, त्या घेऊ नका. त्यात काय असतं कुणालाच माहीत नसतं. काहीजण डायसल्फिराम चोरून देतात. ते डॉक्टरचं खरं औषध आहे, पण ते पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, जीवही जाऊ शकतो. गोळी थांबवल्यावरसुद्धा दोन आठवड्यांपर्यंत असर राहतो. पिणाऱ्याला माहीत असून, त्याच्या संमतीनं, तपासण्या करूनच ते द्यायचं.

आता तुमच्या अमावस्येचं. सासूबाईंशी भांडू नका, क्रम बदला. आधी सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याच्या, मानसोपचार विभागात किंवा तुमच्या ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञाकडं. तोपर्यंत घरात कुणी बाटली मोरीत ओतू नका, एकदम बंदही करायला लावू नका. तो यायला तयार नसेल तर तुम्ही एकट्या जा, डॉक्टर बोलतात. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची १४४१६. दोन्ही मोफत, आणि टेली-मानसवर मराठीत बोलता येतं. ए.ए.ची मीटिंग त्याच्यासाठी, आणि अल-अ‍ॅनॉन ही घरच्यांची मीटिंग तुमच्यासाठी. तिथं तुम्हाला त्याची दारू सोडवायला शिकवत नाहीत, स्वतःचं जेवणझोप कसं सांभाळायचं ते शिकवतात. तुम्हाला ते आता जास्त गरजेचं आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं.

तो आठवडा पार पडला, अंग ताळ्यावर आलं, की मग खुशाल आदमापूरला जा सगळे. अमावस्येची गर्दी टाळून साध्या दिवशी जा, म्हणजे दोन मिनिटं शांत उभं राहता येईल. भंडारा कपाळाला लावा, कुणी उचलायला लावू नका. त्याला जे काही मागायचंय ते त्याला मनात मागू दे, काय मागितलंस म्हणून गाडीत विचारत बसू नका. आणि सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, की परत आल्यावर गल्लीत कुणाला "आता सुटली बघा" म्हणून सांगायचं नाही.