प्रार्थना करूनही काहीच बदलत नसेल तर ख्रिस्ती विश्वास टिकवायचा कसा?

ताई, तुम्ही लिहिलंय की नवऱ्याचं काम सुटून वर्ष झालं, सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, रोज पहाटे उठून प्रार्थना करता आणि काहीच हलत नाही. वर मंडळीतल्या, म्हणजे तुमच्या चर्चमधल्या, एका बाईंनी ऐकवलं की तुमचा विश्वास कमी पडतोय. अशात टिकून कसं राहायचं, हा तुमचा प्रश्न.

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. जालना जिल्ह्यातला मोसंबीवाला शेतकरी आहे आणि इथं एरवी मोसंबीच्या डिंक्या रोगावर उत्तरं लिहितो. पण ते 'विश्वास कमी पडतोय' वाचलं आणि हातातला चहा गार झाला. हेच वाक्य २०१३ साली माझ्या सख्ख्या थोरल्या भावानं मला ऐकवलं होतं, माझ्याच बागेत उभं राहून. बाग तेव्हा मेलेली होती.

तीन एकरात ३२० झाडं. रंगपूर लिंबाच्या खुंटावर कलम केलेली न्यूसेलर जातीची मोसंबी, १९९८ ची लागवड. खड्डे वडिलांनी घेतले, रोपं मी लावली. चौदा-पंधरा वर्षांचं मोसंबीचं झाड म्हणजे ऐन भरातलं. २०१२ चा पाऊस दगा देऊन गेला. दिवाळीत विहिरीचा तळ दिसला, संक्रांतीला बोअर नुसतं फुसफुसायला लागलं. मग टँकर. दहा हजार लिटरचा टँकर ३२० झाडांत वाटला की झाडाला तीस लिटर येतं, आणि उन्हाळ्यात भरातल्या झाडाला रोजचं शंभराच्या वर लागतं. हिशेब मला येत होता, तरी घालत राहिलो. बायकोच्या पाटल्या गेल्या, सोसायटी थकली, पुढचं विचारू नका.

मोसंबीचं झाड एकदम मरत नाही. आधी फळ टाकतं, मग पान टाकतं, मग शेंड्याकडून वाळत वाळत खाली येतं. खोडाची साल नखानं जराशी खरवडायची आणि खाली हिरवं आहे का बघायचं. एप्रिलभर संध्याकाळी माझं हेच काम. एका झाडाला नख लावायचं, 'प्रभू, हे तरी', पुढच्या झाडाला नख लावायचं, 'बरं, हे तरी'. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नखाखाली हिरवं लागायचं बंद झालं.

आणि जूनमध्ये पाऊस आला. नाले धो धो वाहिले. गाव आनंदलं, आनंदायलाच पाहिजे होतं. माझ्या वाळक्या खोडांवरून पाणी निथळत होतं. अख्ख्या दुष्काळात देवाचा जेवढा राग आला नव्हता, तेवढा त्या पाण्यानं आला.

दादा औरंगाबादला नोकरीला. तिथं तो एका मोठ्या प्रार्थनासभेला जातो, माइक-बिइक असतो, दर आठवड्याला लोक पुढं येऊन साक्ष देतात. कुणाची गाठ विरघळलेली असते, कुणाचा प्लॉट सुटलेला असतो. तो बघायला आला, बागेत दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "बापू, विश्वास कमी पडला रे तुझा. मोहरीच्या दाण्याएवढा असता तरी डोंगर हलला असता."

मी म्हणालो, "दादा, मला डोंगर हलवायचा नव्हता. एक बोअर पुरलं असतं."

तो गेला. मी उपासनेला जायचं बंद केलं. जून ते नोव्हेंबर. आमचे पाळकसाहेब पाच गावं सांभाळायचे, तरी दोनदा घरी आले. माणूस चांगला. पण त्यांनीसुद्धा एकदा उपमा दिलीच, की आपण बहार धरायला बागेला ताण देतो, तसा देव माणसाला ताण देतो. शहरातल्या वाचकांना सांगतो, ताण म्हणजे पाणी तोडून झाडाला विश्रांतीला लावणं, मग पाणी सोडलं की झाड फुलतं. मला ही उपमा सहन होत नाही. ताण देणारा रोज बागेत असतो. हलकी जमीन असली तर महिनाभर, भारी असली तर दीड-दोन महिने, पानगळ किती झाली ते बघून तो पाणी सोडतो. चार महिने तोडलं आणि झाड मेलं, तर त्याला कुणी ताण म्हणत नाही, हलगर्जी म्हणतात. मी हे पाळकसाहेबांना तोंडावर बोललो. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग हे देवालाच बोला ना. मला कशाला?"

दिवाळीनंतर आमच्या मंडळीत कापणीचा सण असतो. ज्याच्या रानात जे पिकलं ते प्रभूच्या टेबलापुढं आणून ठेवायचं, उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला. त्या वर्षी पाऊस झालेला, त्यामुळं टेबल दिसेना. बाजरीची कणसं, सोयाबीनची पोती, कापूस, डांगर, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, एकीनं घरचं तूप आणलेलं. दादा सहकुटुंब आला होता, पाकिटात घालून ५००१ रुपये.

मी सहा महिन्यांनी पहिल्यांदा गेलो, आणि खोटं कशाला बोलू, भक्तिभावानं नाही गेलो. पाळकसाहेब म्हणाले होते ना, देवालाच बोला. बागेतून मोसंबीच्या वाळक्या फांद्या तोडल्या, सुंभानं मोळी बांधली, खांद्यावर घेतली आणि उपासना सुरू असताना मधल्या वाटेनं चालत जाऊन त्या डांगरांच्या शेजारी धाडकन ठेवली. हे पिकलं माझ्या रानात. घे.

पेटी वाजवणाऱ्याची बोटं थांबली. एक पोरगं हसलं, त्याच्या आईनं त्याला चिमटा काढला. दादाची मान खाली. मी वळून बाहेर पडणार होतो, पण पाळकसाहेबांनी प्रत्येक वस्तूवर करतात तशीच माझ्या मोळीवरही हात ठेवून प्रार्थना केली. डांगरावर जेवढी, तेवढीच. जास्त नाही, कमी नाही. उपदेशातही माझं नाव नाही की दुष्काळाचा धडा नाही. मग मला जाता येईना. शेवटच्या बाकावर बसलो.

लिलावात मोळीची वेळ आली तेव्हा कुणी बोलेना. कोण बोली लावणार? शेवटी आमच्या गल्लीतली एक म्हातारी मावशी, एकटीच राहते, तिनं हात वर केला. "वीस." दुसऱ्या कुणीतरी गंमत म्हणून तीस म्हटलं. मावशी त्याच्याकडं रागानं बघत म्हणाली, "चाळीस. अन् आता कोणी बोलू नका, मला चुलीला पाहिजे." चाळीस एक, चाळीस दोन, चाळीस तीन. बाहेर मोळी तिच्या डोक्यावर चढवून द्यायला मीच हात लावला. ती म्हणाली, "मोसंबीचं लाकूड चांगलं जळतं बाबा." एवढंच. पुढच्या रविवारी मी परत गेलो. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

दादानं मात्र त्याच संध्याकाळी मला झापलं. देवाचा अपमान केलास म्हणाला. बायबलातलं मलाखीचं पुस्तक वाच म्हणाला, आंधळं-लंगडं जनावर देवाला चालत नाही आणि तू सरपण आणलंस. त्यावरून दर नाताळाला आमचं जुंपतं. बायका पुरणाची पोळी वाढतात आणि आम्ही मलाखीवर. दादा, तू हे वाचणार हे मला माहीत आहे, तर पहिला अध्याय शेवटपर्यंत वाच. चौदाव्या वचनात शाप कुणाला आहे? कळपात धडधाकट नर असताना खोट असलेलं जनावर आणणाऱ्याला. माझ्या कळपात दुसरं काही होतं का? तुझ्या पाकिटात ५००१ होते, बँकेत किती होते ते तू बघ.

पंडिता रमाबाईंचंही तेच. दादा सभेतनं शिकून आलाय, १९०५ साली केडगावला मुक्ती मिशनमध्ये केवढं संजीवन, म्हणजे धार्मिक जागृती, झालं ते सांगतो. झालं, खरं आहे. पण त्याच बाईंचे आई, वडील आणि बहीण दुष्काळात अन्नान्न करून गेले, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोवर नवरा गेला. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. हे सगळं सोसताना मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मराठीत आणलं. त्यांचा विश्वास कमी होता म्हणून मुलगी गेली का? विचारलं की दादा विषय बदलतो.

आता तुमचं.

ज्या बाईंनी विश्वास कमी म्हटलं त्यांना बायबलातल्या ईयोबाच्या, म्हणजे सगळं गमावलेल्या भल्या माणसाच्या, पुस्तकाचा शेवटचा अध्याय दाखवा. देव रागावतो तो ईयोबावर नाही, त्याला शहाणपण शिकवणाऱ्या मित्रांवर. देवाला वाट्टेल ते बोललेला ईयोब बरोबर ठरतो. आमच्याकडं कापणीच्या सणाला हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय हमखास वाचतात, अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरं नाहीत तरी मी हर्ष करीन. छान आहे. पण तो माणूस पहिल्या अध्यायात 'मी ओरडतोय आणि तू ऐकत नाहीस, हे कुठवर' म्हणून भांडून मग तिसऱ्यावर पोचलाय. तुम्ही पहिल्या अध्यायात आहात. तिथं असणं म्हणजे विश्वास सोडणं नाही. ज्याच्याशी भांडतोय तो आहे असं धरूनच माणूस भांडतो.

उपासना सोडू नका. मी सोडली होती म्हणून सांगतो. गाता येत नसेल तर गाऊ नका, शेवटच्या बाकावर बसा, शेजारची गाते ते ऐका. स्वतःच्या शब्दांत प्रार्थना सुचत नसेल तर स्तोत्र वाचा, ८८ वं वाचा, त्याचा शेवटही अंधारातच होतो, कुणी घाईनं दिवा लावलेला नाही. पहाटे उठणं जड जात असेल तर झोपा. एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली 'आता पुरे, माझा जीव घे' म्हणून आडवा झाला, तेव्हा देवदूतानं उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं. तो परत झोपला, परत भाकर दिली. आम्हाला लोक अजून टोमणा मारतात की तुमचे पूर्वज दुष्काळात भाकरीसाठी बाटले. माझा पणजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर बाप्तिस्मा घेतलेला. आधी मला या टोमण्याचा राग यायचा. आता म्हणतो, हो, भाकरीसाठी. देवदूतानंही आधी तेच दिलं.

म्हणून मंडळीत कुणाला तरी सरळ सांगा, की घरात पीठ नाही, सासूबाईंजवळ दोन तास बसायला माणूस पाहिजे. 'प्रार्थनेत आठवण ठेवा' एवढ्यावर थांबू नका. प्रार्थनेत आठवण ठेवायला कुणाचं काही जात नाही.

काही गोष्टी राहिल्या. सगळ्या प्रार्थनासभा वाईट असं मी म्हणत नाही, दादाच्या सभेतल्या पोरांनी करोनात आमच्या तालुक्यापर्यंत किराणा पोचवला. आणि माझ्या गोष्टीला साक्ष समजू नका. मी २०१७ ला परत शंभर झाडं लावली, आता फळ येतंय, पण त्याआधी २०१४ ची गारपीट आणि २०१५ चा दुष्काळ झालाय. बाग आली म्हणून मी मंडळीत आहे असं नाही, बाग नव्हती तेव्हाही होतोच.

आणि एलीयासारखं 'पुरे' वाटत असेल, झोप उडाली असेल, तर पाळकाआधी डॉक्टर. १४४१६ हा सरकारचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात. २०१३ च्या पावसाळ्यात माझ्या बायकोनं फवारणीच्या औषधाच्या सगळ्या बाटल्या गुपचूप शेजारच्यांच्या माळ्यावर नेऊन ठेवल्या होत्या. मला दोन वर्षांनी कळलं, तेही शेजाऱ्यांनी माळा आवरला म्हणून. बाटल्या नेतानाची तिची प्रार्थना काय होती ते मी कधी विचारलं नाही.

यंदाचा कापणीचा सण पुढच्या महिन्यात आहे. दादा येतो म्हणालाय. मावशीचा कालच निरोप आला, की मोसंबी कोणी पण आणंल, तू सरपण आण, गॅस महाग झालाय.